उतारवयांतील तोल

लहानपणीं लंगडी खेळला नाहीं असा मनुष्य आपल्याकडे विरळा. शाळामास्तर या नात्यानें मीं हा खेळ तीस-पस्तीस वर्षें मुलांकडून खेळवून घेतला, आणि तरुणपणीं त्यांच्याबरोबर स्वतःहि खेळलों. गेल्या वर्षीं एका संध्याकाळीं माझी आठ वर्षांची नात अंगणांतून लंगडी घालीत माझ्या खुर्चीपाशीं आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही किती वेळ एका पायावर उभे राहूं शकतां?" मीं थट्टेनें उठून एक पाय उचलला. तिचे तीन अंक मोजून होतात न होतात तोंच तो पाय जमिनीवर आला आणि हात भिंतीकडे गेला. नात हंसली, मीहि हंसलों. पण मनांत मात्र चरकलों.

चरकण्याचें कारण असें कीं, त्यापूर्वीं तीन महिने मी न्हाणीघरांत पडलों होतों. सकाळची वेळ होती. तोंडाला साबण लावलेला, डोळे मिटलेले, दोन्ही पाय जवळ जवळ, आणि तांब्यासाठीं हात पुढें केलेला. पाय घसरला म्हणावें तर तसेंहि झालें नाहीं. मी नुसता एका बाजूस कललों आणि पडलों. हाड मोडलें नाहीं. खांदा आठवडाभर दुखला, इतकेंच. परंतु त्या दिवसापासून माझें संध्याकाळचें फिरणें बंद झालें. मुलगा म्हणाला, "बाबा, आतां एकट्यानें बाहेर नको." सुनेनें खुर्ची खिडकीपाशीं आणून ठेवली. सर्वांच्या मनांत माया होती. आणि खरें सांगावयाचें तर मलाहि तें बरेंच वाटलें, कारण मला भीति बसली होती.

मी डॉक्टर नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु जन्मभर शिकविण्याचा धंदा केलेल्या माणसाला एखादी गोष्ट उमगली नाहीं म्हणजे स्वस्थ बसवत नाहीं. पाय घसरला नसतांना मी पडलों कां, हा प्रश्न घेऊन मीं पुस्तकें वाचलीं, जाणत्या डॉक्टरांना विचारलें, आणि त्यांतून जें समजलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

तोल म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तराजू येतो. दोन्ही पारडीं समान झालीं म्हणजे तराजू स्थिर राहतो, आणि मग त्याला कांहींच करावें लागत नाहीं. शरीराचा तोल या जातीचा नाहीं. एखादा मुलगा तळहातावर उभी काठी तोलून धरतो, त्याच्याकडे पाहा. काठी डावीकडे कलली कीं त्याचा हात डावीकडे जातो, पुढें कलली कीं पुढें जातो. हात क्षणभर थांबला तर काठी पडलीच. उभ्या माणसाचें असेंच आहे. आपल्या शरीराच्या भाराचें केंद्र बेंबीच्या किंचित् खालीं, कंबरेच्या पोकळींत असतें, आणि एवढा उंच देह दोन तळव्यांच्या चिंचोळ्या पायावर उभा असतो. शिवाय हा भार घोट्याच्या सांध्याच्या थोडा पुढें पडतो. त्यामुळें देह सारखा पुढें झुकूं पाहतो आणि पोटरीचे स्नायु त्याला सारखे मागें ओढीत असतात. सावधान उभा असलेला शिपाईसुद्धां बारकाईनें मोजमाप केल्यास किंचित् डुलत असल्याचें आढळतें. तात्पर्य, तोल ही एकदां मिळालेली आणि पुढें पुरून उरणारी ठेव नव्हे. तें क्षणोक्षणीं करावयाचें काम आहे. म्हातारपणीं आपण म्हणतों, "माझा तोल गेला." वास्तविक तोल कोठें जात नाहीं, तें काम करणारे सेवक मंदावतात.

हे सेवक कोण? शरीर कोणत्या बाजूस कललें याची बातमी मेंदूकडे तीन ठिकाणांहून येते. पहिलें ठिकाण डोळे. समोरची भिंत, दाराची उभी चौकट, झाडाचा बुंधा यांवरून डोळ्यांना आपण सरळ आहों कीं नाहीं तें समजतें. दुसरें ठिकाण कान. ऐकण्याच्या भागाला लागूनच कानाच्या आंत, हाडाच्या पोकळींत, पाण्यासारख्या द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोकें वळलें कीं त्यांतील द्रव हलतो आणि सूक्ष्म केसांसारख्या तंतूंना स्पर्श करतो. शेजारींच दोन पिशव्या असून त्यांत चुनखडीच्या जातीचे अतिसूक्ष्म कण असतात. वर-खालीं, मागें-पुढें होणारी हालचाल व डोक्याचा कल त्यांच्या भारानें कळतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्लूरां नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें पारव्यांच्या कानांतील या नळ्या छेदल्या, तेव्हां त्या पांखरांना ऐकूं येत होतें, पण त्यांना धड चालतां किंवा उडतां येईना. पुढें या इंद्रियाच्या संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. तिसरें ठिकाण आपले पाय. तळव्याची कातडी, घोट्याचे व गुडघ्याचे सांधे, पायाचे स्नायु हीं सारीं जमीन कशी आहे व पाय कोठें आहे हें क्षणोक्षणीं कळवीत असतात. या तिन्ही बातम्या जुळवून लहान मेंदु व त्याचे सोबती स्नायूंना हुकूम सोडतात.

या तिघांपैकीं एखादा मंद झाला तर बाकीचे दोघे त्याचें काम अंगावर घेतात. म्हणून आपल्याला कित्येक वर्षें कांहीं कळतहि नाहीं. हें कसें ओळखावें, तें रोम्बर्ग नांवाच्या जर्मन डॉक्टरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिलें. पाठीच्या कण्यांतील मज्जा बिघडलेले त्यांचे रोगी पाय जुळवून नीट उभे राहत. परंतु डोळे मिटावयास सांगितलें कीं लगेच डोलूं लागत. पायांची बातमी पोहोंचत नव्हती. इतके दिवस डोळे ती उणीव भरून काढीत होते. हीच परीक्षा डॉक्टर आजहि घेतात. हें वाचलें तेव्हां माझ्या न्हाणीघरांतील कोडें उलगडलें. माझ्या पायांनीं केव्हांच काम कमी केलें होतें, आणि साबण झोंबूं नये म्हणून मीं डोळेहि मिटले होते. तीन साक्षीदारांपैकीं एकच उरला होता, आणि तोहि साठी उलटलेला!

वय या प्रत्येकाचें काय करतें तें आतां पाहूं. साठ वर्षांच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशींतल्या तरुणाच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच उजेड पोहोंचतो. उजेडांतून अंधारांत गेल्यावर दिसूं लागावयास वेळ लागतो, आणि एकाच रंगाच्या दोन पायऱ्यांतील कांठ उठून दिसत नाहीं. दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठीं असतो; तोच लावून जिना उतरणारास पायरी अंधुक दिसते. कानांतील तंतु वयाबरोबर कमी होत जातात. कधीं कधीं ते चुनखडीचे कण जागा सोडून नळींत शिरतात. मग कूस बदलतांना किंवा फळीवरची वस्तु काढण्यास मान वर करतांना सारें घर गरगर फिरूं लागतें. पुष्कळ लोक ही भोंवळ म्हातारपणाची म्हणून सोसतात. पण जाणता डॉक्टर डोकें ठराविक क्रमानें वळवून ते कण पुन्हां जागेवर नेऊं शकतो, आणि बहुधा एक-दोन बैठकींतच आराम पडतो.

पायांची जाणीव बोटांपासून कमी होऊं लागते. डॉक्टर नादकांटा वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवितात. त्याची थरथर वृद्धांना पुष्कळदां कळतच नाहीं. मधुमेहानें ही जाणीव लवकर जाते. ब-१२ या जीवनसत्त्वाच्या अभावानेंहि ती जाते. आणि हें जीवनसत्त्व भाजीपाल्यांत नसल्यामुळें, दूधदुभतें कमी घेणाऱ्या शाकाहारी घरांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें. साध्या रक्ततपासणीनें तें कळतें, आणि उणीव भरून काढतां येते.

स्नायूंचेंहि असेंच. तिशीनंतर ते हळूहळू आणि साठीनंतर अधिक वेगानें झिजतात. त्यांतहि झटकन् आवळणारे तंतु आधीं कमी होतात. ठेंच लागल्यावर तरुण मनुष्य चटकन् पाऊल पुढें टाकून सांवरतो. म्हाताऱ्यालाहि काय करावयाचें तें ठाऊक असतें. पण पाऊल पडतें अर्ध्या क्षणानें उशिरां, आणि तेवढा अर्धा क्षणच पडण्यास पुरतो.

शिवाय लहानपणापासून चालणें हें आपण न विचार करतां करतों. उतारवयांत त्याकडे मनाला लक्ष द्यावें लागतें. माझे एक मित्र फिरावयास आले आणि बोलणें जरा गंभीर झालें, कीं रस्त्यांतच उभे राहत. मला वाटे, हा त्यांचा स्वभाव! स्वीडनमधील डॉक्टरांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका पाहणींत असें आढळलें, कीं चालतांना बोलण्यासाठीं थांबणाऱ्या वृद्धांपैकीं बहुतेक जण पुढील सहा महिन्यांत पडले. एका वेळीं दोन कामें मेंदूला झेपत नाहींत, म्हणून पाय थांबतात. तेव्हां असा सोबती थांबला तर त्याला ओढूं नये, आपणहि थांबावें.

आतां चालण्याकडे वळूं. चालणें म्हणजे पुढें पडूं लागणें आणि पाऊल टाकून तें पडणें थांबविणें. चालण्याच्या एकंदर वेळापैकीं दोन्ही पाय जमिनीवर असा काळ सुमारें एकपंचमांशच असतो. बाकीचे चार हिस्से आपण एका पायावरच असतों. म्हणजे चालणारा प्रत्येक मनुष्य एका अर्थीं लंगडीच खेळत असतो! पुढें जाणाऱ्या पायाचें बोट जमिनीपासून अवघें एक-दोन सेंटिमीटर वर असतें. वृद्धाचा पाय याहूनहि थोडा कमी उचलला गेला, कीं उंबरठा, सतरंजीची दुमडलेली कड, उखडलेली फरशी वैरी होतात. म्हणूनच वृद्ध माणसें पावलें आंखूड टाकतात, दोन पायांत अंतर ठेवतात, आणि दोन्ही पाय अधिक वेळ जमिनीवर राहूं देतात. हें शरीरानें आपण होऊन शोधलेलें शहाणपण आहे. त्याला हंसूं नये.

येथवर जें सांगितलें तें वयाचें काम. याहून मोठें नुकसान भीति करते. माझे एक ज्येष्ठ सहकारी चौऱ्याहत्तराव्या वर्षीं श्रावणांत अंगणांतल्या शेवाळावर घसरले. हाड शाबूत होतें. पण घरच्यांनीं त्यांना जपावयाचें ठरविलें. चहा हातांत, ताट हातांत, वर्तमानपत्र हातांत. भेटावयास गेलों कीं ते म्हणत, "राजासारखें चाललें आहे, मास्तर." वर्षभरांत त्यांच्या मांड्या काठीसारख्या झाल्या. एका रात्रीं लघवीसाठीं ते एकटेच उठले, चार पावलांवर पडले, आणि खुब्याचें हाड मोडलें. त्यानंतर ते अंथरुणावरून उठले नाहींत. प्रथमच्या पडण्यानें त्यांना कांहीं झालें नव्हतें. मधल्या वर्षाच्या बसण्यानें घात केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दर वर्षीं सुमारें ६ लाख ८४ हजार माणसें पडून मरतात, आणि त्यांत साठीपुढचीं माणसें सर्वांत अधिक असतात. पडण्याची भीति निराधार आहे असें कोण म्हणेल? परंतु भीतीनें बसावें, बसल्यानें पाय झिजावे, पाय झिजल्यानें पुन्हां पडावें, असें हें रहाट आहे. नातीनें विचारलें त्या संध्याकाळीं माझी खुर्चीहि त्याच खिडकीपाशीं होती, हें माझ्या ध्यानीं आलें आणि मी चरकलों तें यासाठीं.

आमचा वर्धा जिल्हा हा चालणाऱ्यांचा जिल्हा आहे. महात्माजींनीं दांडीचा सुमारें २४० मैलांचा प्रवास १९३० सालीं हातांत काठी घेऊन चोवीस दिवसांत पायीं केला, तेव्हां त्यांना साठ वर्षें पुरीं झालीं होतीं. १९३६ सालीं ते सेगांवास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास आले तेव्हां त्यांना सहासष्टावें वर्ष उलटलें होतें. आश्रमांतहि त्यांचें सकाळ-संध्याकाळचें फिरणें चुकत नसे. बरोबरच्या मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून ते चालत आणि त्यांना विनोदानें आपल्या काठ्या म्हणत. पवनारचे विनोबाजी १९५१ च्या मार्चमध्यें इकडून हैदराबादकडे पायीं निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ झाला. आणि पुढें सुमारें तेरा वर्षें देश पायांखालीं घालून ते १९६४ सालीं पवनारास परतले, तेव्हां अडुसष्ट वर्षांचे होते. या थोरांची बरोबरी आपण करावी, असें माझें म्हणणें नाहीं. त्यांच्यापासून दोन साध्या गोष्टी मात्र घेतां येतील. साठीनंतरहि रोज चालतां येतें. आणि आधार घेण्यांत लाज नाहीं. काठी किंवा नातवंडाचा खांदा घेऊन चालणारा मनुष्य चालतच असतो.

मग उपाय काय? म्हातारपणीं तोल पुन्हां शिकतां येतो काय? येतो, आणि याला चांगला पुरावा आहे. घरीं राहणाऱ्या तेवीस हजारांहून अधिक वृद्धांवर झालेल्या १०८ चांचण्यांचा एकत्र आढावा २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत व्यायाम करणाऱ्यांचें पडण्याचें प्रमाण न करणाऱ्यांच्या मानानें सुमारें शेंकडा २३ नीं कमी आढळलें. नुसतें हातपाय हलविण्याचा नव्हे, तर तोलाला थोडें आव्हान देणारा व्यायाम हवा. त्यांतले चार प्रकार मी स्वतः करतों. खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठणें-बसणें. ओट्याला हात लावून टांचा उचलणें व टेकणें. भिंतीकडेनें, एका पावलाच्या टांचेला दुसऱ्याचा अंगठा लावीत, दोरीवरून गेल्यासारखें चालणें. आणि खुर्चीच्या पाठीवर बोटें ठेवून एका पायावर उभें राहणें. आरंभीं घरचें कोणीतरी जवळ असावें, आणि पूर्वीं पडलेल्यांनीं किंवा भोंवळ येणाऱ्यांनीं प्रथम डॉक्टरांस विचारावें. १९६९ पासून सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय आहे. आम्हां वर्धेकरांना विचारावयास दूर जावें लागत नाहीं.

एका पायावर उभें राहण्याची परीक्षा ब्राझीलमधील डॉक्टरांनीं ५१ ते ७५ वर्षांच्या १,७०२ माणसांवर घेतली. तिचा निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. दहा सेकंद उभें राहतां न येणारीं माणसें पंचावन्नपर्यंतच्या वयांत शेंकडा पांच होतीं, तर सत्तरीपुढें निम्म्याहून अधिक होतीं. ज्यांना हें साधलें नाहीं त्यांच्यांत पुढील कांहीं वर्षांत मृत्यूचें प्रमाणहि अधिक आढळलें. याचा अर्थ पाय टेकला म्हणून कोणी मरतो असा नव्हे. शरीराच्या एकंदर हालहवालीची ती एक खूण आहे. म्हणून घाबरूं नये, पण खूण ओळखावी.

घरांतहि थोडी व्यवस्था करावी. न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवावी, आणि भिंतींत घट्ट बसविलेला दांडा लावावा. टॉवेलची दांडी माणसाचा भार सोसत नाहीं. रात्रीं पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा असावा. उंबरठ्याला व पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढावा. सैल चपला टाकून टांचेस पट्टा असलेलें पादत्राण घ्यावें. अंथरुणावरून उठतांना मिनिटभर कडेवर बसावें, मग उभें राहावें. कारण एकाएकीं उठल्यानें रक्ताचा दाब उतरून डोळ्यांपुढें अंधारी येते. झोंपेच्या आणि रक्तदाबाच्या औषधांनीं ती अधिक येऊं शकते. अशा वेळीं औषध स्वतः न सोडतां डॉक्टरांना सांगावें. आमच्याकडच्या मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत तहान लागण्याची वाट न पाहतां वृद्धांना पाणी द्यावें.

हें सारें ऐकणाऱ्या तरुण मंडळींना एक विनंती आहे. घरांतलीं वडील माणसें पडतील या धास्तीनें त्यांना बसवून ठेवूं नका. त्यांच्या हातांतलें काम काढून घेऊं नका. त्यांना बाहेर नको म्हणण्याऐवजीं संध्याकाळीं अर्धा तास त्यांच्याबरोबर चाला, आणि त्यांच्या चालीनें चाला.

माझी खुर्ची मीं खिडकीपासून हालविली, त्याला आतां वर्ष होत आलें. संध्याकाळचें फिरणें पुन्हां सुरू आहे. हातांत काठी आहे, आणि न्हाणीघरांत दांडा आहे. साबण मी आतां बसून लावतों. रोज संध्याकाळीं अंगणांत नात आणि मी एका पायावर उभे राहतों, आणि ती मोठ्यानें अंक मोजते. काल माझे चौदा झाले. तिचे साठ होऊन गेले, आणि मग कंटाळून तिनेंच पाय टेकला.